जगदाळेकाकांचा टँक

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. जुन्या मोबाइलच्या चार्जरसारखे ते आपोआप साठतात. एक दिवस ड्रॉवर उघडावा तर एकमेकांत गुंतलेले वीस निघतात, आणि टाकून द्यायला मात्र जीव होत नाही! माझ्याकडचे बरेचसे एकाच ठिकाणचे आहेत. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आमचा क्लब भरायचा, तिथले.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. मी पुण्याहून वर्क परमिटवर आलेला सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, याचाच मला पगार मिळायचा. ऑफिसातला प्रफुल्ल नागपूरचा. एका शुक्रवारी तो म्हणाला, "संडेले घरी बसून काय करून राहिला बे? चाल माझ्यासोबत. वॉरगेमिंग असते."

मी उत्साहाने लॅपटॉप, चार्जर, हेडफोन सगळं घेऊन गेलो. हॉलमध्ये पाहतो तर काय, आठ मोठी माणसं एका लांबलचक टेबलाभोवती वाकलेली. टेबलावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं सरकवून केलेले डोंगर, त्यावर इंचाइंचाचे सैनिक. प्रत्येकाच्या गळ्यात शिंप्यासारखी टेप. आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चाललेलं, की टँक सहा इंच पुढे गेला की साडेसहा!

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "त्यात किती सैनिक मावतात?"

"हवे तेवढे," मी ऐटीत म्हणालो.

"मग मेले तर कोणाला काही वाटत नसेल," असं म्हणून त्याने माझ्या गळ्यात टेप अडकवली. लॅपटॉप मी पुन्हा कधी नेला नाही.

*

तो म्हातारा म्हणजे केन. ऐंशी केव्हाच ओलांडलेला. पहिल्या दिवशी मी त्याला सवयीने 'सर' म्हणालो. तो म्हणाला, "ज्यांना सर म्हणायचो, त्यांनीच मला फ्रान्सला पाठवलं. तू आपलं केन म्हण." त्यामुळे तो आमचा एकेरीतला केन झाला.

केन खराखुरा युद्धातला माणूस. आणि त्याच्याकडे तिथे काय होतं, तर अँटी-टँक रायफल. टँकवर झाडायची बंदूक! पाच फुटांहून लांब, सोळा किलो वजनाची, एका माणसाने जमिनीवर पालथं पडून चालवायची. युद्ध सुरू झालं तेव्हा टँकचे पत्रे पातळ होते, म्हणून ती थोडीफार चालली. पुढे पत्रे जाड होत गेले आणि रायफल होती तिथेच राहिली.

प्रफुल्लने एकदा त्याला भक्तिभावाने विचारलं, "केन, तुझी गोळी किती टँकना लागली?"

"तीन टँकना."

"तीन! मग?"

"त्यातल्या एकाच्या लक्षात आलं."

त्या रायफलीचा धक्का म्हणे असा बसायचा, की शेजारचे लोक आधीच बाजूला सरकायचे. केन म्हणायचा, "त्या रायफलीने युद्धात सगळ्यात जास्त जखमी केलं असेल, तर ते माझ्या उजव्या खांद्याला. आणि तो आमच्याच बाजूचा होता!"

खेळात मात्र हा माणूस भयंकर कडक. फासा टेबलावरून खाली पडला, तर पडलेला आकडा धरायचा नाही. कोणाला अर्ध्या इंचाची सवलत नाही. एकदा माझा टँक ओढ्यात अडकला, तेव्हा मी काकुळतीला येऊन म्हटलं, "केन, जाऊ दे ना, आज माझा वाढदिवस आहे." केनने खिशातून चॉकलेट काढून मला दिलं आणि टँक ओढ्यातच ठेवला.

*

वर्षातून एकदा बाहेरच्यांना खेळ बघायला बोलवायचा आमचा ओपन डे असायचा. एका वर्षी एका संग्राहकाने खरी अँटी-टँक रायफल दाखवायला दिली. रीतसर निकामी केलेली, कागदपत्रांसकट. गाडी पार्किंगमध्ये आणि हॉल रेडवेच्या पलीकडे. सायकलवाल्यांच्या त्या लाल रस्त्यावरून ती न्यायची कशी? प्रफुल्लने ती बायकोच्या जुन्या पडद्यात गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि निघाला. दोन्ही टोकं बाहेर! मी मागून कागदांची फाइल घेऊन.

समोरून सायकलवर एक पोलीस आला. थांबला.

"काय आहे ते?"

आता 'पडद्याचा रॉड' म्हणायला काय हरकत होती? पण प्रफुल्लला खोटं बोलता येत नाही. "अँटी-टँक रायफल आहे, सर."

पोलिसाने शांतपणे सायकल कुंपणाला टेकवली. "चालते?"

"नाही सर. निकामी केलेली आहे."

"केव्हा?"

"ते कागदावर आहे, सर. पण खरं सांगू का, त्याच्या आधी पण काही फार चालत नव्हती."

मी फाइल पुढे केली. पोलिसाने एकेक कागद वाचला, नंबर जुळवून पाहिला, रेडिओवर कोणाशी तरी बोलला. मग फाइल परत देत म्हणाला, "माझे आजोबाही अगदी हेच म्हणायचे." आणि आम्हाला हॉलच्या दारापर्यंत सोडायला आला.

आत गेल्यावर प्रफुल्ल खुर्चीत बसला तो दहा मिनिटं उठलाच नाही. "मले वाटलं, गेला बाप्पा व्हिसा!"

*

कोणत्या बंदुकीची गोळी किती अंतरावरून कोणत्या गाडीचा किती जाड पत्रा फोडते, याचं क्लबमध्ये एक मोठं कोष्टक होतं. ते एक्सेलमध्ये प्रफुल्लने बनवलेलं. तो डेटाबेसवाला, त्यामुळे त्याला त्याचा कोण अभिमान! भांडण झालं की कोष्टक बघायचं. आणि क्लबचा जुना रिवाज असा, की कोष्टकातला रकाना मोकळा असेल तर तिथे पत्रा नाही असं धरायचं. ट्रकला कुठे पत्रा असतो? म्हणून मोकळा.

एका रविवारी प्रफुल्लचे दोन रायफलवाले सैनिक माझ्या सगळ्यात अवजड टँककडे तुरुतुरु पळत आले आणि त्याला चिकटून उभे राहिले.

"हे काय?" मी म्हटलं.

"अंतर शून्य," प्रफुल्ल म्हणाला. "कोष्टक पहाय."

कोष्टक पन्नास यार्डांपासून सुरू होत होतं. त्याच्या आतले सगळे रकाने मोकळे! म्हणजे नियमाप्रमाणे, लांबून ज्या टँकला ओरखडा निघत नव्हता, त्याला जवळ जाऊन नुसतं टेकलं की पत्राच नाही! आणि ही चूक मी, टेस्टिंगचा पगार घेणाऱ्या माणसाने, वर्षभर दर रविवारी डोळ्यांसमोर असून पकडली नव्हती.

सगळे केनकडे बघायला लागले. केन बराच वेळ कोष्टक वाचत होता. मग म्हणाला, "नियम म्हणजे नियम. टँक मेला." प्रफुल्लने उडी मारली. केन पुढे म्हणाला, "पण एक सांगतो. त्या अंतरावर टँकचेही स्वतःचे काही विचार असतात."

पुढच्या रविवारी रकाने भरलेले होते.

*

माझी बायको मंजिरी क्लबला 'तुमची बालवाडी' म्हणायची. एकदा पोह्यांचा डबा द्यायला आली आणि टेबलाशी रेंगाळली. तिथे एक जर्मन टँक होता, दोन्ही बाजूंना पातळ पत्रे टांगलेला.

"याला पडदे कशाला?"

आपल्याला माहीत असलेलं कोणी विचारलं की मला राहवत नाही. मी सांगितलं, की रशियनांकडे अशाच रायफली होत्या, ढिगांनी. समोरून टँक फुटायचा नाही, पण कडेचा पत्रा पातळ. म्हणून जर्मनांनी कडेला असे पत्रे लावले.

मंजिरी म्हणाली, "म्हणजे ही बंदूक बिनकामाची असं तुम्ही सगळे दर रविवारी बोंबलता, आणि तिच्या भीतीने त्यांनी टँकना पडदे लावले?"

"तसं नाही, म्हणजे तसंच, पण..."

"बिनकामाच्या गोष्टीसाठी कोणी पडदे शिवत नाही," असं म्हणून ती निघून गेली.

केनने मला तिचं बोलणं इंग्रजीत सांगायला लावलं. ऐकून म्हणाला, "साठ वर्षांत माझ्या रायफलीबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं!" त्यानंतर आमच्या घरच्या पोह्यांना तो कधी नाही म्हणाला नाही. मिरच्यांसकट खायचा.

*

मंजिरीच्या या विधानाने सगळ्यात खूश झाले ते जगदाळेकाका. काका मूळचे कोरेगावकडचे. तरुणपणी कॉव्हेंट्रीला आले आणि मशिनचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. क्लबसाठी दर रविवारी कॉव्हेंट्रीहून गाडी हाकत यायचे. मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउट्सना शिव्या घालतच आत शिरायचे.

काकांचे वडील मराठा पलटणीत हवालदार. युद्धात एरिट्रियाच्या डोंगरात इटालियनांशी लढले. आणि काकांची गोष्ट अशी: वडील एका दगडी बांधाआड एकटे. हातात अँटी-टँक रायफल. इटालियन टँक सरळ अंगावर येतोय. पन्नास पावलांवर आला, वडिलांनी गोळी झाडली, टँक जागच्या जागी थांबला.

"समोरून!" काका दरवेळी टेबलावर हात आपटायचे. "डोळ्याला डोळा भिडवून!"

कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात दर गणपतीला ही गोष्ट व्हायची. चाळीस वर्षं. तिथल्या पोरांना ती आरतीइतकी पाठ होती.

पंचाईत केली ती काकांच्या नातीने. नेहा जन्मापासून इकडची, केंब्रिजला धातूंवर संशोधन करायची. आजोबांबरोबर हौसेने क्लबला यायला लागली आणि तिने पहिल्याच महिन्यात त्या टँकची माहिती शोधून काढली.

"आबा, त्या टँकचा फ्रंट तीस मिलिमीटर आहे. तुमचा बुलेट वीस, मॅक्सिमम बावीस जातो. पण साइडला पत्रा हाफ आहे. मोठे आबांनी साइडनी मारला असेल."

काका ताडकन उभे राहिले. "जगदाळ्यांच्या घरात आजवर कुणी कुणाला बाजूने मारलेलं नाही!"

"काका, टँकले बाजूने मारणं म्हणजे काही पाठीत खंजीर खुपसणं नाही न..." प्रफुल्लने समजूत घालायचा प्रयत्न केला.

"तू गप रे!"

"आबा, सगळे साइडनीच मारायचे. आर्मीत तसा ट्रेनिंगच होता."

"आमच्या वडलांना ट्रेनिंगची गरज नव्हती," काका म्हणाले आणि त्या दिवशी पोहे न खाताच गेले.

*

नेहाही त्यांचीच नात. पुढच्या रविवारी ती एका पिशवीतून पोलादाची जाड पट्टी घेऊन आली. प्रफुल्लने पिशवी उचलायचा प्रयत्न केला आणि 'आई गं' म्हणून खाली ठेवली.

"आबा, हा तीस मिलिमीटर आहे. हातात धरून बघा."

काकांनी पट्टी टेबलावर घेतली. चष्मा लावला. कडेवरून अंगठा फिरवला, खिशातल्या किल्लीने दोनदा टकटक केलं, कान जवळ नेला. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस! चेहरा एकदम खुलला.

"हे माइल्ड स्टील आहे. चिलखताचं पोलाद नाही. फसवतेस काय मला?"

"हो, माइल्ड आहे. टँकचा याच्यापेक्षा खूप हार्ड असतो, आबा."

काकांची किल्ली तशीच हातात राहिली. मी, प्रफुल्ल, सगळेच खिडकीबाहेर बघायला लागलो. पत्र्याची जाडी त्यांच्याइतकी क्लबात कोणाला कळणार होती? ते एवढंच म्हणाले, "कड चांगली घासली आहे." आणि पट्टी परत पिशवीत ठेवली.

मला त्या दिवशी नेहाचा रागच आला. खरं बोलत होती, म्हणून जास्तच आला.

*

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगत नाही.

त्या वर्षीच्या ओपन डेला काकांच्या वडिलांची लढाई मांडायची असं ठरलं. ठरवलं काकांनीच, आणि तेही मंडळात जाहीर करून. म्हणजे कॉव्हेंट्रीहून मिनीबस भरून माणसं येणार! चाळीस वर्षं ऐकलेली गोष्ट ती आता डोळ्यांनी बघणार होती. आणि आमच्या कोष्टकात समोरून तीस मिलिमीटरच्या रकान्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: अशक्य. सहा पडले तरी अशक्य.

त्या खेळाचे नियम लिहायचं काम नेहाकडे. मी आणि प्रफुल्ल तिला कॉफीला घेऊन गेलो.

"नेहा, सहा पडले तर फुटतो, एवढंच लिही ना. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"अगं, मंडळासमोर त्यांचं नाक कापलं जाईल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "मी आबांना लहानपणापासून कधी खोटा बोलली नाही. त्यांनीच शिकवला आहे तो."

ओपन डे उजाडला. मिनीबस आली. चकल्यांचे डबे, लोकरी टोप्या, तीन पिढ्या. टेबलावर डोंगर, दगडी बांध, बांधाआड रायफल घेतलेला एकच सैनिक. त्याला काकांनी स्वतःच्या हाताने रंग दिला होता, अगदी मिशीसकट. पलीकडून टँक केन चालवत होता. दुसऱ्या कोणाची हिंमतच नव्हती. टँकची बाजू आणि नियम बघायला नेहा, आकडे लिहायला मी.

टँक सहा-सहा इंचांनी सरळ पुढे येत राहिला. नाक बांधाकडे. मंडळातल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "आता बघ हं, आता थांबतो." काकांच्या कपाळावर घाम आला होता. पुढच्या डावात त्यांना गोळी झाडावी लागणार होती, आणि ती लागून काही होणार नाही हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

केनची पाळी आली. त्याने टँकवर दोन बोटं ठेवली. मग टँक पुढे सरकवला आणि हळूच, व्यवस्थित, आडवा वळवून ठेवला. सगळी कड काकांच्या सैनिकासमोर उघडी!

"केन कायले वळवून राहिला?" प्रफुल्ल माझ्या कानाशी पुटपुटला. अशी घोडचूक क्लबात नवखाही करत नाही.

"केन, नक्की का?" मी विचारलं.

"ड्रायव्हरला काहीतरी दिसलं," केन म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला.

काका त्या टँककडे बघत राहिले. आता बाजूने गोळी मारायची, म्हणजे सगळ्या मंडळासमोर मारायची. हॉलमध्ये चकल्यांचा आवाजसुद्धा बंद झाला.

"असाच वळला होता," काका म्हणाले.

नेहाने मान वर केली. "काय, आबा?"

"वडील सांगायचे. सरळ अंगावर येत होता, मी देवाचं नाव घेतलं, आणि तो मध्येच वळला. का वळला, कुणास ठाऊक. वळला म्हणून मारता आला, असं म्हणायचे." काकांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. "दरवेळी सांगायचे. तेवढं वाक्य मीच कधी तुम्हाला सांगितलं नाही."

काकांनी फासा घेतला, मुठीत हलवला आणि टाकला. कडेचा पत्रा फोडायला पाच किंवा सहा हवे होते. फासा घरंगळत बांधाच्या या बाजूला आला, मंडळातल्या कोणालाच दिसणार नाही असा. केनने चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला. काकांनी डोळे मिटलेले होते. फासा दिसत होता तो फक्त मला आणि नेहाला.

दोन पडले होते.

नेहा वाकली, फासा उचलून मुठीत घेतला आणि म्हणाली, "पाच."

मी पाच लिहिले.